आग्रह नसलेल्या गावात

पत्र थोडक्यात असं: सांगलीच्या एक वाचक, वय ३३, शिक्षणानं इंजिनीअर. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नऊ वर्षं नोकरी. या कारखान्याचं कास्टिंग जर्मनीतली जी कंपनी घेते, तिच्याकडे सहा महिन्यांच्या कामासाठी त्या सप्टेंबरच्या मध्याला गेल्या. स्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात एकट्या राहतात. पाच वर्षांचा मुलगा सांगलीत नवऱ्याजवळ आणि सासूबाईंजवळ आहे. पहिले पाच-सहा आठवडे मजेत गेले, मग सगळं अंगावर यायला लागलं. ऑफिसात वाढदिवसाचा केक पुढे आला, त्यांनी आपल्या पद्धतीप्रमाणे ‘नको’ म्हटलं, तर तबक सरळ पुढे गेलं. मीटिंगमध्ये ‘तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस?’ असं एकानं सगळ्यांदेखत विचारलं. दारावर कुणीतरी पाटी टांगून गेलं, तिचा अर्थ कळला नाही, आणि आठवड्यानं शेजारणीची रागावलेली चिठ्ठी आली. दुकानाचं बिल त्या तीनतीनदा तपासतात. तिकिटाच्या मशीनपाशी चिडून रडू येतं. खिडकीशी उभ्या राहिल्या की अर्धा तास कुठे गेला ते कळत नाही. एक वरिष्ठ गृहस्थ ‘जेवायला चला’ म्हणून तीनदा मागे लागले आहेत आणि फोटो काढताना त्यांनी कमरेवर हात ठेवला. ‘इथं हे सहज असेल का?’ असं त्या विचारतात. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर मुलगा रडतो. नात्यातल्या एक बाई सासूबाईंना म्हणाल्या, ‘एवढ्याशा पोराला टाकून गेलीच कशी?’ प्रश्न असा की, ‘सासरी मी इतकं जुळवून घेतलं, मग इथंच का जमत नाही? मी कच्ची आहे का? मुदतीआधी परत येऊ का?’ आणि शेवटी, सहीच्या खाली: ‘परवा रात्री अकराला स्टेशनपासून घरापर्यंत एकटी चालत आले. भीती वाटली नाही. फार बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याचंच वाईट वाटलं. हे घरी सांगू का?’

पत्रात तू मला ताई म्हटलं आहेस, म्हणून अगं-तूगंच करते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा एका वाक्याशी थांबले: ‘सासरी इतकं जुळवून घेतलं, मग इथंच का जमत नाही?’ बाकीचे प्रश्न या एका वाक्यालाच फुटलेले फाटे आहेत असं मला वाटतं. पण त्याच्याकडे जायच्या आधी केकचं बोलू, कारण तुला सगळ्यात बारीक वाटलेली ती गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते.

आपल्याकडे पहिला ‘नको’ हा नकार नसतो. वाढणारीला ते ठाऊक असतं आणि जेवणाऱ्यालाही. ‘घ्या हो, एवढीशी तर आहे.’ मग दुसरा ‘नको’. मग ‘अर्धी तरी’. मग ताटावर आडवा हात, आणि त्या हाताच्या फटीतूनही पडलेली पोळी. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा पाहुणा हावरा ठरतो आणि पहिलाच नकार मानणारा यजमान चिक्कू. आपण हे कधी शिकलो ते आठवतसुद्धा नाही. तिथं ‘नको’ म्हणजे नको. ज्यानं तबक पुढे नेलं त्यानं तुझ्या शब्दाचा मान राखला. पुन्हा विचारणं म्हणजे ‘तुला तुझं कळत नाही’ असं म्हणणं, हे त्याच्या मनात. तुला वाटलं आपल्याला वगळलं. त्याला वाटलं, तिला नकोय.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९९८ साली एका प्रशिक्षणासाठी मी तीन महिने जर्मनीत होते. पोचले ती शनिवारी संध्याकाळी. तेव्हाच्या कायद्यानं शनिवारी दुकानं दुपारी चारला बंद होत आणि रविवारी उघडतच नसत. रविवारचं बहुतेक आजही तसंच आहे; तो विसाव्याचा दिवस त्यांनी राज्यघटनेतच राखून ठेवला आहे. वसतिगृहाच्या बाईंनी विचारलं, ‘भूक लागली आहे का?’ मी म्हटलं, ‘नाही, नाही.’ ‘बरं,’ म्हणून त्या गेल्या. सोमवार सकाळपर्यंत आईनं बांधून दिलेलं भडंग आणि नळाचं पाणी यावर मी काढलं. मोठ्या रेल्वे स्टेशनात रविवारीही खायला मिळतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं. त्या दोन रात्री त्या बाईंचा मला इतका राग आला होता! ‘माणुसकी नाही’ असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही अजून माझ्याकडे आहे. आता वाचते तेव्हा दिसतं की बाईंनी काही चूक केली नव्हती. मी खरं सांगितलं नव्हतं, आणि ते खरं नाही हे त्यांनी आपणहून ओळखावं अशी माझी अपेक्षा होती.

आता तुझं ते वाक्य.

लग्नानंतर पहिल्या वर्षात तू काय काय शिकलीस ते आठवून बघ. आमटीत गूळ किती, चहा आधी कुणाला, मामंजी बैठकीत असताना आतबाहेर कसं करायचं, कुठल्या बोलण्यावर हसायचं आणि कुठलं बोलणं ऐकूच आलं नाही असं दाखवायचं. यातलं एक अक्षर कुणी समोर बसवून शिकवलं नाही. तू गप्प राहून, बघून, चुकून शिकलीस. आपल्याकडे बाईच्या ‘जुळवून घेण्या’चा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो: आपलं आत ठेवायचं आणि दुसऱ्याचं न सांगता ओळखायचं. तू त्यात तरबेज झालीस, आणि तीच विद्या बरोबर घेऊन गेलीस.

ती तिथं चालत नाही. तू तुझं आत ठेवतेस आणि ते लोक न सांगितलेलं ओळखायला बसत नाहीत. मग तू आणखी गप्प होतेस, कारण अडचण आली की गप्प होणं हाच आपला जुना उपाय. तू कच्ची आहेस असं मला मुळीच वाटत नाही. तू तिथं सून होऊन राहते आहेस, एवढंच मला दिसतं. आणि तुला बोलावलंय ते इंजिनीअर म्हणून.

मीटिंगचा प्रसंग याच डोळ्यांनी पुन्हा बघ. तू लिहिलंस की कुठल्या बॅचमध्ये ब्लोहोल, म्हणजे ओतीव धातूत राहणारी हवेची भोकं, येतात आणि कशानं येतात, हे त्या माणसाच्या आधी तुला माहीत होतं. पण विभागप्रमुख बोलत होते, ते थांबेपर्यंत तू थांबलीस, ते थांबले तेव्हा विषय पुढे गेला होता. आपल्याकडच्या कारखान्यात या थांबण्याला अदब म्हणतात. तिथं गप्प बसलेल्या माणसाला एकतर मान्य आहे किंवा माहीत नाही असं धरतात. त्याचं ‘बोलली का नाहीस?’ हे तुला सगळ्यांसमोर झापल्यासारखं लागलं. मला त्यात हेही ऐकू येतं की ‘तुला माहीत होतं’ हे त्यानं चारचौघांत मान्य केलं. कामातल्या चुकीवर तिथं सरळ बोट ठेवतात आणि दुपारी त्याच माणसाबरोबर जेवायला जातात. त्या बोटाचा रोख माणसावर नसतो, निदान बहुतेक वेळा.

‘बहुतेक वेळा’ म्हणाले, कारण तिथलं सगळं बरोबर आणि आपलं सगळं चूक असं मला सुचवायचं नाही. लागलं असेल तर ते त्याला सांगता येतं, तेही सरळ. ‘तुमचा मुद्दा बरोबर होता, पण सगळ्यांसमोर विचारलंत ते मला जड गेलं. पुढच्या वेळी मीटिंगमध्ये मला आधी बोलायला द्या.’ असं बोलणं तिथं उद्धटपणात जमा होत नाही. आणि पुढच्या मीटिंगच्या आदल्या दिवशी तुझा मुद्दा दोन ओळींत मेलवर पाठवून ठेव. मग तोंड उघडायला तुला निमित्त शोधावं लागणार नाही. तुझं नाव घेऊन तेच विचारतील. बोलता येईल की नाही ही धास्ती मला तिथं महिनाभर होती, आणि लिहून पाठवायच्या या युक्तीनंच ती सुटली.

आता तब्येतीचं. बिल तीनदा तपासणं, क्षुल्लक गोष्टीवर भडका उडणं, खिडकीबाहेर बघत राहणं. हे वाचून मला कालेर्व्हो ओबर्ग आठवले. ‘कल्चर शॉक’ हा शब्द लोकांच्या तोंडी रुळवणारे हे मानवशास्त्रज्ञ. १९५४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी या विषयावर भाषण केलं, ते ब्राझीलमधल्या रिओ दी जानेरोच्या विमेन्स क्लबात, म्हणजे बायकांपुढेच. त्यात त्यांनी लक्षणं सांगितली: दूरवर लागलेली शून्य नजर, आपल्याला कुणी फसवेल, लुबाडेल ही भीती, जरा उशीर झाला की संताप, आपल्याच देशातल्या जुन्या रहिवाशाला धरून राहावंसं वाटणं, आणि घरी जायची विलक्षण ओढ. तुझ्या पत्रातल्या खुणा या यादीशी लावून बघ. सुरुवातीची हरखलेली अवस्था, मग हा खड्डा, मग हळूहळू सावरणं, असा क्रमही त्यांनी सांगितला होता. सगळ्यांचं अगदी तसंच होतं असं नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात खड्डा लागणं हे इतक्या जणांना झालंय की त्यावरून स्वतःला कच्ची ठरवणं अन्याय होईल.

बाईला हा धक्का जास्त बसतो असंही मला वाटतं, आणि तो नाजूकपणानं नव्हे. सांगलीत एसटीत कुठल्या सीटवर बसायचं, कुणाच्या नजरेला नजर द्यायची, कुणाच्या हसण्याला हसून उत्तर द्यायचं नाही, किती वाजता कुठल्या गल्लीतून यायचं, असं शेकड्यानं ज्ञान आपल्या अंगात मुरलेलं असतं. त्याच्या जोरावर आपण सुरक्षित असतो. पुरुषाला यातलं थोडंच शिकावं लागतं, म्हणून परदेशात त्याचं थोडंच निकामी होतं. तुझं सगळंच्या सगळं एकदम निकामी झालं. तिथं अनोळखी माणूसही बघताना डोळ्यांत थेट बघतो, लवकर नजर काढत नाही. ते साधं बघणं की काही वेगळं, हे प्रत्येक वेळी नव्यानं ठरवायला लागतं. दिवसभर असं ठरवत राहिलं की संध्याकाळी तिकिटाच्या मशीनपुढे रडू येणारच.

आणि मुलाच्या रडण्याचं एक अगदी साधं कारण मला दिसतंय, ते तुझ्या लक्षात आलं नसावं. तू लिहिलंस की पूर्वी कॉलवर तो बडबडायचा, ‘हल्ली महिनाभर’ रडतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे गेली. तोवर भारत साडेतीन तास पुढे होता, आता साडेचार तास पुढे आहे. तू संध्याकाळी सहाला घरी येऊन फोन लावतेस. आधी तेव्हा सांगलीत साडेनऊ वाजलेले असायचे, आता साडेदहा. पाच वर्षांचं पोर रात्री साडेदहाला झोपेनं मोडलेलं असतं. तेव्हा आई समोर दिसली की ते रडणार. तू दुपारच्या सुट्टीत, साडेबाराला फोन कर. सांगलीत पाच वाजलेले असतात, लेक शाळेतून येऊन, खाऊन, खेळायला निघालेला असेल. दहाच मिनिटं बोल. तो तुला चिखलाचे हात दाखवील आणि पळेल. पळू दे.

त्याच सुट्टीत फोन संपला की बाहेर पाय मोकळे कर. डिसेंबरात तिथं आठ-सव्वाआठला उजाडतं आणि साडेचारला मावळतं. तू अंधारात ऑफिसला जातेस आणि अंधारात येतेस. कृष्णाकाठच्या उन्हात वाढलेल्या शरीराला हे सोसायला वेळ लागतो. दुपारचा उजेड अंगावर घे, ढगाळ असला तरी. एवढं करूनही दोन-तीन आठवडे झोप नीट लागली नाही, खाण्यावरची वासना गेली, रडू थांबेना, तर डॉक्टरांना भेट. समुपदेशकाशी मराठीतून बोलावंसं वाटलं तर आता व्हिडिओवर तेही होतं. ते पुढे ढकलू नकोस.

पाटीचं कोडं सोपं आहे. तू राहतेस तो स्वाबियाचा मुलूख. तिथं इमारतीचा जिना, दारापुढची वाट झाडायची पाळी घरोघर फिरते आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी टांगतात. याला ते ‘केरवोखं’ म्हणतात, झाडलोटीचा आठवडा. आपल्या ‘केर’शी उच्चार जुळतो हा योगायोगच, पण लक्षात ठेवायला बरा. जुन्या वाड्यात जिना धुवायची पाळी असायची तसंच हे. तुझी पाळी होती, जिना झाडला गेला नाही, म्हणून शेजारीण चिडली. रविवारी वॉशिंग मशीन आणि व्हॅक्यूम लावू नकोस, रात्री दहानंतर आवाज करू नकोस, म्हणजे चिठ्ठ्या थांबतील. आणि त्या बाईंच्या दाराची बेल वाजवून ‘मला माहीत नव्हतं, सॉरी, जिना कसा झाडायचा ते एकदा दाखवा’ एवढं म्हण. चिठ्ठी लिहिणारी बाई निदान तुझी दखल घेणारी आहे. त्या इमारतीत तुझी पहिली ओळख तीच होईल अशी मला आशा आहे.

आता ते गृहस्थ. इथं मला अगदी स्पष्ट बोलायचं आहे.

‘तिथली संस्कृती’ हे त्याचं उत्तर नाही. वर केकचं एवढं लांबवलं ते यासाठीही. ज्या समाजात केकसाठीसुद्धा दुसऱ्यांदा विचारत नाहीत, तिथं एक माणूस बाईचा नकार ऐकून तीनदा विचारतो. म्हणजे तो आपल्याच लोकांची रीत मोडतो आहे, आणि तू परकी आहेस, तुला रीत माहीत नसणार, या भरवशावर मोडतो आहे. ऑफिसात ओळख होताना हात मिळवतात. मित्रमंडळींत गळाभेटही घेतात. सहकारी बाईच्या कमरेवर हात ठेवणं या दोन्हींत बसत नाही. तुला ते नको वाटलं, एवढं पुरेसं आहे.

पहिलं काम, कारण न देता नकार दे. ‘नको, मला यायचं नाही. पुन्हा विचारू नका.’ आपण ‘आज जमणार नाही, काम आहे’ म्हणतो. ते ऐकणारा त्याचा अर्थ उद्या जमेल असा घेतो. दुसरं, तारखा, शब्द, कोण हजर होतं, हे आजच लिहून काढ, मेसेज असतील तर ठेव. तिसरं, तक्रारीचे दोन रस्ते तुझ्यापुढे आहेत. भारताच्या २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात ‘कामाचं ठिकाण’ म्हणजे केवळ कारखान्याचं आवार नव्हे. कामानिमित्त जिथं जावं लागतं ती जागा आणि कंपनीनं दिलेलं प्रवासाचं वाहनही त्यात येतं. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवीच. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तिच्याकडे लेखी तक्रार द्यायची. योग्य कारण असेल तर आणखी तीन महिने मुदत वाढते. जर्मनीतही २००६ पासून समान वागणुकीचा कायदा आहे, त्यात कामावरचा लैंगिक छळ येतो आणि तक्रार ऐकायला कंपनीत ठरलेली जागा असावी लागते. तिथं भरपाई मागायची तर मुदत दोनच महिन्यांची आहे, म्हणून तारखा लिही म्हणते. कुणाशी नुसतं बोलायचं असेल तर ११६०१६ हा तिथला बायकांसाठीचा मदत क्रमांक आहे, फुकट, चोवीस तास, इंग्रजीसह अनेक भाषांत. अंगावर बेतलं तर पोलिसांना ११०. हे दोन नंबर फोनमध्ये भरल्याशिवाय आज झोपू नकोस.

आणि तुझ्या इथल्या साहेबांना कळव. ‘ग्राहकाचा माणूस आहे, ऑर्डर जाईल’ ही भीती तुझ्या मनात असेल. ऑर्डर सांभाळणं हे त्यांचं काम. त्यासाठी तुझी कंबर खर्ची घालायची नाही.

परत यायचं का? हा माणूस थांबला नाही आणि कंपनीनंही हात झटकले, तर ये. त्यात माघार वगैरे काही नाही, त्या परिस्थितीत मी तुझं तिकीट काढायला सांगेन. पण बाकीच्या गोष्टींसाठी यायचं, तर हा निर्णय नोव्हेंबरच्या अंधारात, रात्री साडेदहाच्या रडक्या कॉलनंतर घेऊ नकोस. मध्ये एक वाट आहे. नाताळपासून ६ जानेवारीपर्यंत तिथं कामं सुस्तावतात, पुष्कळ कंपन्या बंदच असतात. तू राहतेस त्या जर्मन राज्यात ६ जानेवारीलाही सुट्टी असते. तेवढ्यात दहा-बारा दिवस सांगलीला येऊन जा. आधी तुझा व्हिसा पुन्हा आत येऊ देणारा आहे की एकदाच प्रवेशाचा, हे पासपोर्ट काढून बघ. तिकिटाचा खर्च कंपनीकडे माग, अगदी सरळ माग. मुलाला ‘आता एकवीस झोपा, मग आई’ असं मोजून सांगता येईल. पुन्हा निघताना तो रडेल, तूही रडशील, आणि ते पहिल्यापेक्षा अवघड जाईल. हे धरूनच तिकीट काढ. घरून परत जावंसं वाटलं नाही, तर तेव्हा काम सोडायचा निर्णय उजेडात बसून, नवऱ्याशी बोलून घेता येईल. मला स्वतःला वाटतं की तू मार्चपर्यंत राहावंस. पण ते माझं वाटणं आहे. रोजचं सोसणं तुझं आहे, तेव्हा माझ्या वाटण्याला त्याहून जास्त वजन देऊ नकोस.

नात्यातल्या त्या बाईंना उत्तर द्यायची गरज नाही, पण तुझ्या मनात त्यांचा शब्द रुतला आहे म्हणून लिहिते. ‘टाकून.’ खानापूर, आटपाडीकडचे गलाईवाले सोन्याचांदीच्या कामासाठी देशभर पसरले आहेत, किती जणांची लहानपणं बापाच्या पत्रावर आणि मनीऑर्डरवर गेली. साताऱ्याकडं आपशिंग्यासारखं गाव घे, घराघरातला माणूस फौजेत. त्या बापांनी पोरं टाकली असं आपल्या भागात कुणी म्हणालेलं मी ऐकलं नाही. ‘पोरांसाठी लांब राहतोय’ म्हणतात, आणि ते खरंच असतं. तुझंही तितकंच खरं आहे. तुझा लेक बापाच्या आणि आजीच्या हातात आहे. मुलाला आईची आठवण येते, तिचं दुःख होतं. पण ते दुःख आणि टाकलं जाणं यात फरक आहे, आणि पाच वर्षांच्या मुलाला तो फरक घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यातून कळतो. म्हणून नवऱ्याशी बोल. असं कुणी घरात येऊन बोललं, तर तिथल्या तिथं ‘आम्ही सगळ्यांनी ठरवून पाठवलंय’ हे त्यानं म्हणावं. सासूबाईंवर ते ओझं ठेवू नका.

ज्यांचं जाणं अजून व्हायचंय अशा मैत्रिणींसाठी जाता जाता: निघण्याआधी कंपनीला लेखी विचारा की घर स्टेशनपासून किती लांब, रात्री अडचण आली तर फोन कुणाला, तक्रार कुणाकडे, मध्ये एकदा घरी यायचं तिकीट मिळणार का. हे प्रश्न विचारणारी बाई घाबरट ठरेल अशी भीती वाटते. नऊ वर्षं इन्स्पेक्शन केलेली बाई मशीन सुरू करण्याआधी चेकलिस्ट बघतेच, तसंच हे. आणि एक वही न्या. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या. परतल्यावर तिथल्या लोकांचं राहणं, घरं, बायकांची कामं त्यांनी मराठीत लिहून काढली, कौतुक करायचं तिथं कौतुक केलं आणि खटकलं तिथं तेही लिहिलं. बघणारी बाई आणि जुळवून घेणारी बाई एकाच खोलीत असल्या तरी खोली वेगळी दिसते. तू दारावरच्या पाटीपासून सुरुवात कर. मी ‘माणुसकी नाही’ लिहिलं होतं तसंही लिही, खोडू नकोस.

मार्चमध्ये परतलीस की आणखी एक धक्का बसेल, त्याची तयारी असू दे. कुणीतरी तिसऱ्यांदा ‘घे गं’ म्हणेल आणि तुला चटकन राग येईल. मीटिंगमध्ये तू मध्येच बोलशील आणि साहेब चमकून बघतील. लेक पहिले दोन दिवस आजीच्या मागे लपेल. मला घरी आल्यावर आमच्या गल्लीतला गोंगाट सोसेना, आईशी त्यावरून भांडलेसुद्धा, आणि त्याचं वाईट आजही वाटतं. महिनाभर कुठलाच मोठा निर्णय घेऊ नकोस.

आता सहीखालचा प्रश्न, जो तू सगळ्यात बारीक अक्षरात लिहिलास. रात्री अकराला एकटी चालत आलीस, बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं. वाईट का वाटलं ते तू लिहिलं नाहीस. माझा अंदाज सांगते. आपल्याला इतकी वर्षं काय मिळालं नव्हतं, ते त्या वाटेवर तुला एकदम कळलं, आणि ते कळणं म्हणजे घरच्या माणसांशी बेइमानी अशी टोचणी लागली. मला ती बेइमानी वाटत नाही. घरची माणसंही त्याच अंधाराला भिऊन राहिलेली आहेत.

सांग. पण फोनवर नको. आल्यावर, सासूबाई निवांत असतील तेव्हा, शेजारी बसून सांग. थंडी किती होती, दुकानांच्या काचा कशा दिसत होत्या, पावलांचा आवाज येत होता का, सगळं सांग. त्यांनी कधी रात्री अकराला सांगलीच्या आयर्विन पुलावरून एकटीनं चालून बघितलं नसेल. मीही नाही.